रात्री 9 चा आकडा: 24 नोव्हेंबर 2024 ला रोमानियाच्या न्यूज चॅनल्सनी काय केलं

ही केस कुठल्या एका चॅनलची नाही. बुखारेस्टमधली जितकी न्यूज चॅनल त्या रात्री लाइव्ह होती त्या सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तेच केलं, त्यामुळे एकालाच पकडून झोडपण्यात अर्थ नाही. म्हणून या रात्रीबद्दल बोलताना मी "चॅनल" किंवा "डेस्क" एवढंच म्हणतोय आणि अँकर, संपादक, सर्व्हेवाली माणसं यांची नावं घेत नाहीये. उमेदवारांची नावं घेतोय कारण ती काढली तर गोष्टच उरत नाही. आणि बोलणं फक्त स्क्रीनवर काय आलं, अधिकृत निकाल काय लागला आणि त्या क्षणी कोणाच्याही हाताशी कोणती माहिती होती, एवढ्याबद्दलच आहे.

काय झालं ते आधी पटकन सांगतो. रविवार होता, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी. रात्री 9 ला मतदान संपलं आणि 9 च्या ठोक्याला एक्झिट पोल आला: पंतप्रधान मार्सेल चोलाकू 25 टक्के, एलेना लास्कोनी 18, कालिन जॉर्जेस्कू 16, जॉर्जे सिमिओन 15. म्हणजे दुसऱ्या फेरीत चोलाकू विरुद्ध लास्कोनी, विषय संपला. सकाळी लोक उठले तेव्हा पहिल्या नंबरवर जॉर्जेस्कू, दुसऱ्यावर लास्कोनी आणि चोलाकू सरळ बाहेर. अंतिम आकडे साधारण 22.9, 19.2 आणि 19.1. लास्कोनी आणि चोलाकूमधला फरक 2740 मतांचा, परदेशातली मतं धरूनसुद्धा!

पार्श्वभूमी

ही चॅनल चालतात कशावर ते कळल्याशिवाय त्या रात्रीचं वागणं कळत नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या शेवटच्या वर्षांत रोमानियात टीव्ही म्हणजे सरकारी टीव्हीआर, तोही आठवड्याच्या दिवशी जेमतेम दोन तास, वीज वाचवायची म्हणून, आणि त्या दोन तासांतही मुख्यतः चाउशेस्कू नवराबायकोचं कौतुक. मग डिसेंबर 1989 ला लोक त्याच टीव्हीआरच्या स्टुडिओत घुसले आणि क्रांती लाइव्ह दाखवली गेली. त्या दिवसांत स्टुडिओतून खरं खोटं सगळंच एका दमात बाहेर गेलं, पाण्यात विष टाकलंय, अतिरेकी येतायत, अमुक हजार मेले, आणि लोकांनी ते सगळं खरं मानलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच टीव्हीवरचा माणूस आपल्यासारखा घाबरलेला दिसत होता. तिथे टीव्हीला जे वजन आहे ते तेव्हापासूनचं आहे.

नंतर खासगी चॅनल आली, आंतेना 1 1993 ला, प्रो टीव्ही 1995 ला. चोवीस तास बातम्यांचं पहिलं चॅनल रेआलितातेआ, 2001. मग 2005 ला आंतेना 3, 2011 ला रोमानिया टीव्ही, 2012 ला डिजी24, मधे बी1, आणि 2022 ला युरोन्यूज रोमानिया. दोन कोटींच्या आतल्या देशात एवढी न्यूज चॅनल. एवढ्यांना पुरेल इतका जाहिरातीचा पैसा त्या मार्केटमध्ये नाही, तिथला कोणीही हे मान्य करेल. मग चॅनल चालवायचं कशाला? मालकांची यादी बघा. आंतेना 3 ज्या ग्रुपचं आहे त्याचा संस्थापक दान व्होइकुलेस्कू राजकारणीसुद्धा होता आणि 2014 ला मनी लाँडरिंगच्या केसमध्ये दहा वर्षांची शिक्षा होऊन आत गेला. रोमानिया टीव्हीमागचा सेबास्तिअन गीत्सा खासदार होता, डिसेंबर 2016 ला देशातून पळाला, एप्रिल 2017 ला बेलग्रेडमध्ये सापडला. रेआलितातेआचा जुना मालकही तुरुंगवास करून आला, ते मूळ चॅनल 2019 ला बंद पडलं आणि त्याच ब्रँडखाली रेआलितातेआ प्लुस चालू झालं. डिजी24 चं जरा वेगळं, ते देशातल्या सगळ्यात मोठ्या केबल कंपनीचं, म्हणजे तुमच्या घरात वायर टाकणाराच बातम्या देतो. चॅनल हे कमाईचं साधन कमी आणि ढाल जास्त, असा हा धंदा आहे.

आता पैशाचा दुसरा झरा. रोमानियात पक्षांना सरकारी तिजोरीतून सबसिडी मिळते आणि मोठे पक्ष तिचा मोठा वाटा "प्रेस आणि प्रचार" या खात्यावर खर्च करतात. हा पैसा मधल्या एजन्सींमार्फत चॅनल आणि साइट्सकडे जातो, करार गुप्त ठेवले जातात, आणि निवडणुकीचा अधिकृत काळ सोडला तर प्रेक्षकाला कळतही नाही की समोर चाललेली मुलाखत पैसे देऊन घडवलीये. रेकॉर्डर नावाच्या स्वतंत्र साइटने जानेवारी 2022 ला यावर सविस्तर रिपोर्ट केला तेव्हा बरीच खळबळ झाली, आणि मग काय, चालू राहिलं. 2021 च्या शेवटी पीएसडी (सोशल डेमोक्रॅट, चोलाकूचा पक्ष) आणि पीएनएल (उदारमतवादी) हे दोन परंपरागत शत्रू एकत्र सरकारात बसले होते, म्हणजे पैसे देणारे दोन्ही मोठे गिऱ्हाईक एकाच बाजूला. टीका करायची कोणावर?

आणि एक शेवटचा तुकडा, माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा. 6 डिसेंबर 2009, राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी, एक्झिट पोलनी मिर्चा ज्वानाला पुढे दाखवलं, तो स्टेजवर आला, जिंकलो म्हणाला, कॅमेऱ्यासमोर बायकोवरचं प्रेम जाहीर केलं, फटाके वगैरे. सकाळी त्रायान बसेस्कू सत्तर हजारांच्या आसपास मतांनी जिंकला होता आणि त्यात परदेशातल्या मतांचा वाटा निर्णायक होता. 2014 ला पुन्हा परदेशातल्या मतदान केंद्रांबाहेरच्या रांगा हाच निवडणुकीचा मुद्दा झाला. म्हणजे "डायस्पोरा (परदेशात राहणारे रोमानियन) आकड्यात नसतो आणि डायस्पोरा निकाल फिरवतो" हे त्या देशातल्या प्रत्येक न्यूज डेस्कला पाठ होतं. हाच ज्वाना 2024 ला पुन्हा उमेदवार होता, म्हणजे विसरायची सोयही नव्हती!

अडचण नेमकी काय होती

लोक म्हणतात अडचण टिकटॉक होती, कारण जॉर्जेस्कूचा प्रचार मुख्यतः तिथेच चालला. ती होती, पण ती चॅनलच्या हातातली नव्हती. चॅनलच्या हातातल्या अडचणी दोन, आणि दोन्ही एकमेकींत अडकलेल्या.

पहिली, प्रचाराच्या महिन्यात कोणाला वेळ द्यायचा. मतपत्रिकेवर चौदा नावं, त्यातल्या लुदोविक ओरबानने आयत्या वेळी माघार घेतलेली. तेरा जणांना सारखा वेळ देणं कोणालाच परवडत नाही, म्हणून डेस्क सर्व्हे बघतं: वरच्या चार पाच जणांना स्टुडिओ, बाकीच्यांना स्क्रोल. जॉर्जेस्कू बहुतेक सर्व्हेमध्ये एक आकडी होता. पण हा माणूस आकाशातून पडलेला नव्हता हे लक्षात घ्या. यूएनमध्ये काम केलेला, सिमिओनच्या आउर या कट्टर राष्ट्रवादी पक्षाने 2020 ला याचंच नाव पंतप्रधानपदासाठी पुढे केलेलं, नंतर त्यांच्यात बिनसलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हुकूमशहा अंतोनेस्कूचं कौतुक केल्याबद्दल त्याच्यावर चौकशीही लागलेली. म्हणजे फाइल होती. फक्त ती काढायचं कारण कोणाला दिसलं नाही कारण सर्व्हे म्हणत होता की गरज नाही.

शिवाय ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने कट्टर राष्ट्रवादी दियाना शोशोआकाला उमेदवारीतूनच बाद केलं होतं. तिची मतं कुठे जाणार हा साधा प्रश्न होता आणि तो विचारण्याऐवजी स्टुडिओत बाद करणं घटनेत बसतं का यावर वकील भांडत बसले.

दुसरी अडचण रात्री 9 ची. आकडा आलाय, सगळी चॅनल एकाच सेकंदाला दाखवणार, आणि तुमच्याकडे आकडा आहे पण निकाल नाहीये.

पर्याय काय होते

इथे जरा थांबू, कारण नंतर सगळे म्हणाले "कोणालाच कल्पना नव्हती" आणि ते अर्धच खरं आहे.

समजा तुम्ही त्या डेस्कवर शिफ्ट एडिटर आहात. घड्याळात 8:50. तुमच्यासमोर काय आहे? रोमानियाचं निवडणूक प्राधिकरण मतदानाची टक्केवारी लाइव्ह टाकतं, केंद्रानुसार, परदेशातल्यासकट. परदेशात मतदान शुक्रवारपासून तीन दिवस चालू होतं आणि तो आकडा सगळ्यांना दिसत होता, शेवटी 8 लाखांच्या थोडा वर गेला. एकूण मतदान साधारण 94 ते 95 लाख. म्हणजे पावणेनऊ टक्के मतं अशी आहेत जी एक्झिट पोलमध्ये नाहीत, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर मतदान अजून संपायचंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरमध्ये पोलनेच फक्त दोन टक्क्यांचा फरक दाखवलाय. याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

तरी करून बघू. चोलाकूच्या पीएसडीला परदेशात मतं जवळपास पडतच नाहीत, हे वर्षानुवर्षं माहिती. म्हणजे त्याचे 25 हे डायस्पोरा धरला की आपोआप 23 वर येतात. आणि नंतर कळलेले परदेशातले आकडे टाकले (जॉर्जेस्कू 43 च्या आसपास, लास्कोनी 27 च्या आसपास) तर लास्कोनीचे 18 जाऊन होतात पावणेएकोणीस आणि जॉर्जेस्कूचे 16 जाऊन होतात सव्वाअठरा. म्हणजे एक्झिट पोल देशातल्या मतांपुरता शंभर टक्के बरोबर धरला, तरीसुद्धा दुसरी जागा त्या रात्री ठरलेली नव्हती.

मग पर्याय:

एक, आकडा आला तसा फुल स्क्रीन टाकायचा, पहिल्या दोघांचे फोटो समोरासमोर, खाली बारीक अक्षरात "परदेशातली मतं वगळून". हे सगळ्यात सोपं, आणि बाजूचं चॅनल हेच करणार हे नक्की.

दोन, आकडा टाकायचा पण चोलाकू पुढे आहे एवढंच म्हणायचं आणि दुसऱ्या जागेसाठी तिघांची चौकट दाखवायची: लास्कोनी, जॉर्जेस्कू, सिमिओन. याला एक ग्राफिक जास्त लागतं, बाकी काही नाही.

तीन, आकडा टाकायचाच नाही, खऱ्या मोजणीची वाट बघायची. ऐकायला छान, पण कुठलंही न्यूज चॅनल हे करणार नाही, वर्षातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी वेळ आहे ती. मी स्वतः त्या खुर्चीत असतो तर मी पण केलं नसतं, उगीच साधूपणा कशाला.

चार, हा मला सगळ्यात आवडतो आणि कोणी गंभीरपणे घेतला असं स्क्रीनवरून वाटलं नाही: 9 वाजता पोल दाखवायचा, आणि लगेच अर्धा तास पॅनल बंद करून जो तिसरा दिसतोय तो 16 टक्केवाला माणूस कोण आहे हेच सांगायचं. कारण बातमी तीच होती. एक आकडी समजलेला माणूस 16 वर आलाय, पहिले दोन कोण यापेक्षा हे मोठं आहे. पोल चुकीचा असो बरोबर असो, त्याच्यातच बातमी पडलेली होती.

प्रत्यक्षात काय केलं

पहिला पर्याय. डायस्पोरा नाही हे सांगितलं गेलं, नाही असं नाही, पण म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी भरभर वाचतात तसं. आणि मग स्टुडिओत दोन तास चोलाकू लास्कोनी दुसरी फेरी कशी होईल यावर चर्चा, पीएनएलचे निकोलाये च्युका एवढे मागे का पडले यावर चर्चा (पोलमध्ये 9 टक्के, आणि तो आकडा बरोबर निघाला बरं का), लास्कोनी आधी टीव्ही रिपोर्टर होती त्याचे जुने किस्से. तीही कित्येक वर्षं प्रो टीव्हीवर बातम्या करायची, म्हणजे चॅनलवाल्यांच्या दृष्टीने आपलंच माणूस फायनलला गेलेलं, मूड चांगला होता.

मग मोजणीचे आकडे यायला लागले आणि तिथे दुसरी गल्लत झाली. रोमानियात छोट्या गावांतली केंद्रं आधी संपतात, शहरं आणि परदेश उशिरा येतं. गावांत पीएसडी मजबूत. म्हणजे सुरुवातीच्या मोजणीत चोलाकू वर दिसणारच होता आणि तो दिसला, त्यामुळे पोलला दुजोरा मिळाल्यासारखं वाटलं. पण त्याच गावांमध्ये जॉर्जेस्कू त्याच्या बरोबरीने चालत होता, जिथे 16 टक्केवाल्याने असायला नको होतं, आणि ही गोष्ट आकड्यांत पहिल्या तासातच दिसत होती. स्टुडिओतले पाहुणे मात्र तेच, विषय तोच, कारण पाहुणे दुसऱ्या फेरीच्या चर्चेसाठी बोलावले होते आणि रात्री अकराला जॉर्जेस्कूवर बोलू शकेल असा माणूस आणणार कुठून? मध्यरात्रीच्या सुमारास जॉर्जेस्कू पहिला झाला. तेव्हा स्क्रीनवर त्याचे जे व्हिडिओ चालले ते त्याच्याच टिकटॉकवरून उचललेले, घोड्यावर बसलेला, ज्युडो करणारा. चॅनलकडे स्वतःचं फूटेज फारसं नव्हतंच! म्हणजे ज्या माणसाला महिनाभर वेळ दिला नाही त्याचं प्रचारसाहित्य निकालाच्या रात्री फुकट दाखवलं.

चोलाकू पहाटेपर्यंत दुसऱ्या जागेवर होता, मग शहरं आणि परदेश आले आणि तो गेला. सोमवारी त्याने पक्षाध्यक्षपद सोडलं, च्युकानेही सोडलं.

मंगळवारपासून सगळ्यांचा एकच सूर, टिकटॉकने केलं. प्रसारणावर लक्ष ठेवणारं सीएनए, म्हणजे राष्ट्रीय दृक्श्राव्य परिषद, तिने युरोपियन कमिशनला टिकटॉकची चौकशी करा म्हणून पत्र दिलं. टेलिकॉम नियामकातला एक अधिकारी तर टिकटॉक बंदच करा म्हणाला. जॉर्जेस्कूने प्रचारखर्च शून्य दाखवला होता आणि त्यावर प्रश्न विचारणं अगदी रास्तच होतं. पण न्यूज चॅनलने हा विषय ज्या उत्साहाने उचलला त्यात थोडी सुटका पण होती असं माझं मत, कारण बोट फोनकडे दाखवलं की आपल्या स्टुडिओकडे कोणी बघत नाही.

निकाल

पुढचं बहुतेकांना माहिती असेल. 28 नोव्हेंबरला घटना न्यायालयाने फेरमोजणी सांगितली, 2 डिसेंबरला पहिली फेरी वैध ठरवली, 4 तारखेला राष्ट्राध्यक्ष योहानिसनी टिकटॉकवरच्या मोहिमेबद्दलचे गुप्तचर अहवाल उघड केले, आणि 6 डिसेंबरला त्याच न्यायालयाने अख्खी निवडणूक रद्द केली, परदेशात दुसऱ्या फेरीचं मतदान चालू झालेलं असताना. 17 डिसेंबरला युरोपियन कमिशनने टिकटॉकवर औपचारिक कारवाई उघडली. त्याच महिन्यात स्नूप नावाच्या शोधपत्रकारितेच्या साइटने छापलं की टिकटॉकवरच्या ज्या इन्फ्लुएन्सर मोहिमेचा फायदा जॉर्जेस्कूला झाला तिच्यातल्या एकीचे पैसे मुळात पीएनएलने एजन्सीला दिलेले होते. म्हणजे पक्षाचा पैसा, मधली एजन्सी, प्रेक्षकाला पत्ता नाही, जी पद्धत चॅनलच्या बाबतीत वर्षानुवर्षं वापरली तीच फोनवर वापरायला गेले आणि तिसऱ्याच्याच खात्यात जमा झाली. हे वाचून मी हसलो होतो, पण तिथल्या माणसाला हसू आलं नसणार.

मार्च 2025 ला जॉर्जेस्कूची उमेदवारीच नाकारली गेली. 4 मेच्या पहिल्या फेरीत सिमिओन 41 टक्क्यांच्या आसपास, दुसरा बुखारेस्टचा महापौर निकुशोर दान 21 वर. आणि गंमत बघा, त्या रात्रीच्या एक्झिट पोलमध्ये पुन्हा दुसऱ्या जागेवर सरकारी आघाडीचा क्रिन अंतोनेस्कू पुढे दाखवला गेला होता आणि सिमिओनला प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी. तीच चूक, तीच दिशा, सहा महिन्यांत. 18 मेच्या दुसऱ्या फेरीत पोलने दानला पुढे दाखवलं, सिमिओनने तरी स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं, मध्यरात्रीनंतर हार मान्य केली, दान 53.6 टक्क्यांनी आला. तिथे पोल बरोबर निघाला, पण तोपर्यंत देशातल्या निम्म्या लोकांचा आकड्यावरचा विश्वास उडालेला, त्यामुळे बरोबर आकड्यालाही "विकत घेतलेला" म्हणणारे लाखो होते.

चॅनलचं काय झालं? धंदा म्हणून बघाल तर काहीच नाही. रद्द झालेली निवडणूक, आंदोलनं, दुसरी निवडणूक, सगळं प्रेक्षक वाढवणारंच. फरक पडला तो वाटणीत. रेआलितातेआ प्लुसने उघड उघड जॉर्जेस्कूच्या बाजूने लावून धरलं आणि सीएनएने त्यांना वारंवार दंड केला. दंडाचं त्या चॅनलने काय केलं तर प्रत्येक दंड बातमी म्हणून चालवला, बघा आम्हाला गप्प करतायत. बाकीची चॅनल दुसऱ्या टोकाला. आधी सगळी एकाच आघाडीच्या पैशावर एकसारखी दिसायची, आता दोन देश दोन चॅनल बघतात.

वेगळं काय करता आलं असतं

रात्री 9 ची चूक दुरुस्त करणं सोपं आहे आणि मी वर सांगितलं, तिघांची चौकट आणि डायस्पोराची वेगळी पट्टी, लाइव्ह आकड्यासकट, पूर्ण रात्र स्क्रीनवर. 2009 नंतर हे कायमचं व्हायला हवं होतं. का झालं नाही? कारण 9 च्या काउंटडाउनला "कोण जिंकलं" हवं असतं, "अजून ठरलेलं नाही" याला कोण थांबणार. पण खरं सांगू का, थांबले असते. निकाल ठरलेला नाही म्हटलं तर माणूस टीव्ही बंद करून झोपत नाही, उलट ठरलंय म्हटलं तरच झोपतो. धंद्याच्या हिशोबानेही पहिला पर्याय चुकीचाच होता.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण नंतर डायस्पोरालाच सगळी चूक चिकटवली गेली. देशातली मतं वेगळी काढली तरी जॉर्जेस्कू 21 टक्क्यांच्या आसपास येतो आणि चोलाकू 21 च्या आत. म्हणजे पोल देशातही चुकला, एकाला पाच टक्के कमी आणि दुसऱ्याला चार टक्के जास्त. केंद्राबाहेर उभ्या असलेल्या मुलीला कोणाला मत दिलं ते खरं सांगायची इच्छा लोकांना नव्हती, किंवा थांबायचीच नव्हती. बरोबर आठवड्याने, 1 डिसेंबरला संसदेची निवडणूक झाली, तिथेही पोलने पीएसडीला प्रत्यक्षापेक्षा जास्तच दाखवलं. सर्व्हेवाला हा लोकांच्या नजरेत "त्यांचा माणूस" झाला की त्याला उत्तर कमी मिळतं, आणि तो त्यांचा का वाटतो, तर तो रोज संध्याकाळी त्याच स्टुडिओत त्याच नेत्यांच्या बाजूला बसलेला दिसतो. हे दुरुस्त करायला ग्राफिक पुरत नाही.

प्रचाराच्या महिन्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. सर्व्हे बघून वेळ वाटणं हे आळशी लोकांचं काम आहे. डेस्ककडे दुसरी मोजपट्टी होती: पक्ष पाठीशी नसताना उमेदवारीसाठी लाखो सह्या कोणी गोळा केल्या, सोशल मीडियावर कोणाचे व्हिडिओ किती बघितले जातायत, बाद झालेल्या उमेदवाराचे मतदार कोणाकडे सरकतायत. यातलं एकही गुप्तचर खात्याकडून आणायचं नव्हतं. दोन रिपोर्टर गावात पाठवले असते आणि बस स्टँडवर उभं केलं असतं तरी नाव कानावर आलं असतं. पण गावात रिपोर्टर पाठवायला पैसे लागतात आणि स्टुडिओत चार पाहुणे बसवायला कॉफी लागते, चोवीस तासांच्या न्यूज चॅनलचं अर्थशास्त्र हे एवढंच आहे, रोमानियातही.

उलट बाजूही ऐकून घ्यायला हवी. काही लोक म्हणतात की बरं झालं चॅनलने त्याला वेळ दिला नाही, दिला असता तर 23 चे 30 झाले असते. मला हे पटत नाही. टीव्हीवर त्याला हुकूमशहा अंतोनेस्कूबद्दल, नाटोबद्दल, शून्य खर्चाबद्दल प्रश्न विचारले गेले असते. टिकटॉकवर त्याला एकही प्रश्न विचारणारा नव्हता. 2019 ला योहानिसने दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर डिबेट करायलाच नकार दिला, दोघांनी वेगवेगळ्या पत्रकार परिषदा घेतल्या, आणि चॅनलनी दोन्ही गुपचूप दाखवल्या. तिथून सवय लागली की उमेदवार प्रश्नांशिवाय पण चालतो. 2025 ला युरोन्यूज रोमानियावर सिमिओन आणि दान समोरासमोर बसले तेव्हा जे दिसलं ते सहा महिने आधी दिसायला हवं होतं. दान काही फर्डा वक्ता नाही, अडखळत बोलतो, पण दोन माणसं एका टेबलावर बसली की प्रेक्षकाला स्वतःचं मत बनवता येतं, मधे सर्व्हे लागत नाही.

आणि पैसा. जानेवारी 2025 ला सरकारने वटहुकूम काढून ऑनलाइन राजकीय मजकुरावर लेबल सक्तीचं केलं, ऑक्टोबर 2025 पासून राजकीय जाहिरातींबद्दलचा युरोपियन युनियनचा नियम लागू झाला. दोन्ही मुख्यतः फोनकडे बघून केलेले. सबसिडीतून चॅनलकडे जाणाऱ्या करारांवर "गुप्त" हा शिक्का मारायचाच नाही, रक्कम आणि कार्यक्रमाचं नाव जाहीर करायचं, एवढी एक ओळ कायद्यात टाकली तर काय होईल याचा विचार मी बऱ्याचदा केलाय. चॅनल बंद पडतील अशी भीती घालतात. एखाद दुसरं पडेलही. राहतील त्यांच्याकडे पुढच्या वेळी, म्हणजे सगळं वेळेवर झालं तर 2028 ला संसदेच्या निवडणुकीच्या रात्री, गावातून बोलणारा एखादा रिपोर्टर तरी असेल का हे मात्र त्या एका ओळीवर अवलंबून नाही, ते मालकाला चॅनल कशासाठी हवंय यावर आहे.